भर्जन संस्कार आणि कॉफीचा कडवटपणा

काही वर्षांपूर्वी अंतरवाली सराटी येथील माझ्या चिकित्सालयात, पुण्याहून सुट्टीसाठी गावी आलेले एक गृहस्थ अनिद्रेची तक्रार घेऊन आले. काळपट भाजलेल्या दाण्यांची कडू कॉफी ते दिवसातून तीन वेळा घेत. कडू म्हणजे तीव्र, असे गृहीत धरून मी त्यांना फिकट भाजलेली कॉफी सुचविली. महिन्याभराने त्यांचा दूरध्वनी आला : झोपेत काडीचाही फरक नाही, उलट कॉफी आता आंबट लागते. चूक माझी होती. ती समजून घेताना जे हाती लागले, ते वैद्यबंधूंपुढे ठेवीत आहे.

बृहत्त्रयीत कॉफीचा उल्लेख नाही. भर्जन मात्र आपणांस परके नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानात आहाराच्या आठ आयतनांमध्ये 'करण' म्हणजे संस्कार सांगितला आहे. तांदूळ गुरू पण लाह्या लघू, हे संस्काराचे आपल्या नित्य परिचयाचे उदाहरण होय. कॉफीत तर संस्काराआधी कॉफीचा स्वादच नसतो. कच्चा दाणा हिरवट व चिवट, त्याला वाळल्या गवताचा वास आणि अंगी सुमारे १० ते १२ टक्के ओलावा असतो.

आच लागताच हा ओलावा उडू लागतो. १५० अंशांच्या सुमारास दाणा पिवळसर होतो, नंतर शर्करा व अमिनो आम्ले यांच्या संयोगातून तपकिरी रंग आणि खमंगपणा येतो. भाकरीच्या पापुद्र्यावरील डाग किंवा भाजलेले शेंगदाणे यांचा खमंगपणा याच जातीचा. २०० अंशांच्या आसपास दाणे तडतडतात. येथे थांबल्यास फिकट भाजणी. हिच्यात दाण्याची मूळ आंबूस, फळासारखी चव शिल्लक राहते. भाजणे चालू ठेवल्यास सुमारे २२५ अंशांना दुसरा, बारीक तडतडाट होतो. पेशीभित्ती फुटतात, तेल पृष्ठावर येते, आम्लता व गोडी घटते, धुराची झाक येते.

आता कडवटपणाविषयी. तो कॅफीनचा, असा माझा समज होता. वस्तुतः कॅफीनचा वाटा त्यात थोडाच. दाण्यातील क्लोरोजेनिक आम्लापासून मध्यम भाजणीत लॅक्टोन बनतात, त्यांचा कडूपणा सौम्य. आच वाढली की त्यांपासून फेनिलिंडेन वर्गाची द्रव्ये तयार होतात, त्यांचा कडूपणा उग्र व जिभेवर रेंगाळणारा. कॅफीन मात्र एवढ्या आचेतही बहुतांशी टिकून राहते. शिवाय काळपट दाणा फुगलेला व हलका असल्याने चमच्यात त्याचे वजन कमी भरते. माझ्या रुग्णाने चमचे तेवढेच ठेवून फिकट भाजणी घेतली, म्हणजे कॅफीन कमी न होता थोडे वाढलेच असणार!

स्नेहपाकातील मृदू, मध्य, खर या अवस्थांशी तुलना करण्याचा मोह होतो. तेथे वात जाळून पाहताना तडतड न होणे ही सिद्धीची खूण, येथे तडतड होणे हीच खूण. आणि खरपाकापुढे दग्धपाक असतो हे येथेही खरे. अतिभर्जित दाण्याला केवळ कोळशाची चव राहते, मूळ दाणा उत्तम होता की हलका हे ओळखता येत नाही.

औषधालय चालकांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. काळपट पूड पाहून चिकोरी किती हे कळत नाही. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा नियम आहे, तेव्हा वेष्टनावरील प्रमाण वाचावे. पृष्ठावर आलेले तेल हवेने लवकर खवट होते, म्हणून अशी कॉफी थोडी थोडी मागवावी व डबा घट्ट बंद ठेवावा. चिकोरीत कॅफीन नसते. अनिद्रेच्या रुग्णास सायंकाळी भाजलेल्या चिकोरीचे पेय देता येते, कडू खमंगपणाची सवयही भागते.

सदर गृहस्थांना मी त्यांची काळी कॉफी परत दिली, पण सकाळी एकदाच. दुपारनंतर बंद. पंधरा दिवसांत झोप सुधारली. आता अनिद्रेच्या रुग्णास कॉफी कडू लागते का, हे मी विचारीत नाही. किती चमचे आणि किती वाजता, एवढेच विचारतो.