मुंगसातला खोटा कलहंस

इंग्रजीतील ‘मंगूस’ या शब्दाच्या अखेरीस ‘गूस’ अशी अक्षरे येत असल्यामुळे त्या प्राण्याचा कलहंसाशी काही संबंध असावा, आणि ज्याअर्थी ‘गूस’चे अनेकवचन ‘गीस’ होते त्याअर्थी याचेही ‘मंगीस’ व्हावे, असा समज आपल्या विद्यार्थ्यांतच नव्हे, तर ती भाषा आईच्या दुधाबरोबर प्यालेल्या लोकांतही आढळतो; परंतु शब्दाचे दप्तर काढून शहानिशा केली असता हा वारसाहक्क साफ नामंजूर करावा लागतो, आणि शुद्ध अनेकवचन ‘मंगूसेस’ असेच ठरते.

वास्तविक हा शब्द म्हणजे आपले मुंगूसच होय. शिवराज्याभिषेकाच्या सुमारास सुरत-मुंबईकडे वावरणारा आणि पुढे जुन्नरपर्यंत जाऊन आलेला कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर याने १६९८ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तात, फेरेट नामक विलायती प्राण्याचा आप्त म्हणून मुंगसाची ओळख करून दिली आहे. नाव उच्चारले आपल्यासारखेच. मात्र ते लिहिताना साहेबाच्या कानाला जे ओळखीचे वाटले ते अक्षरांत उतरले, आणि बिचारा कलहंस विनाकारण साक्षीदार झाला! गंमत अशी की, ‘गूस’ आणि संस्कृत ‘हंस’ हे मात्र खरोखरीच एकाच प्राचीन कुळातले सगोत्र शब्द आहेत.

दुसरा गैरसमज आपल्या घरचा. मराठी शब्द म्हटला की त्याचे मूळ संस्कृतातच शोधण्याची आपल्याला खोड; पण संस्कृतात या प्राण्याला नकुल म्हणतात, आणि ‘मुंगूस’चे भाऊबंद भेटतात ते कानडी ‘मुंगुसि’ व तेलुगू ‘मुंगिस’ यांत. म्हणूनच इंग्रजी शब्दाच्या जन्माचा मान कोणी कोशकार मराठीला देतात, तर कोणी तेलुगूला.

मुंगसाला सर्पविष मुळीच बाधत नाही, हाही समज अर्धवटच खरा. नागाच्या विषातील मज्जाघातक द्रव्य स्नायूंवरील ज्या ग्राहकस्थानी चिकटते, त्याची घडण मुंगसात निराळी असल्यामुळे ते तेथे नीट बसत नाही. तथापि हे अभयपत्र दरोबस्त नव्हे, विषाची मात्रा मोठी असल्यास मुंगूसही दगावते, आणि त्याची खरी भिस्त चपळाईवर व फुलवलेल्या राठ केसांवर असते.

शास्त्रज्ञांनीही नावाच्या बाबतीत कमी घोळ घातलेला नाही: ‘मुंगोस’ या लॅटिन नावाच्या प्रजातीतील दोन्ही जाती आज केवळ आफ्रिकेत नांदतात, आणि आपल्या बांधावरच्या करड्या मुंगसाची शास्त्रीय नोंद मात्र ‘उर्वा’ या परक्या नावाखाली झाली आहे.