भुशाची कांडी आणि घराची ऊब

पौष महिन्यात चाकणच्या बाजूला पहाटे गारठा पडतो. हात आखडतात. आई चूल पेटवते. घरात ऊब येते, पण धूरही येतो. डोळे चुरचुरतात. लेकरू खोकते.

धूर का होतो? लाकूड ओले असते. जाळाला वारा पुरत नाही. जे पुरते जळत नाही, तेच धूर होऊन घरभर फिरते.

आता दुसरे एक जळण पाहू. त्याला पेलेट म्हणतात. आपण त्याला कांडी म्हणू. लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले, उसाचे चिपाड यांपासून ती करतात. माल आधी वाळवतात. मग दळतात. मग यंत्रात जोराने दाबून बारीक भोकांतून बाहेर काढतात. दाबाने माल तापतो. भुशात मुळातच एक चिकट द्रव्य असते. ते तापून मऊ होते आणि गार झाले की भुसा घट्ट धरून ठेवते. वेगळा डिंक लागत नाही. कांडी दिसते खडूच्या तुकड्यासारखी. चांगल्या १०० किलो कांड्यांत पाणी १० किलोच्या आतच असते. म्हणून ती नीट जळते, धूर कमी करते. मात्र ती कोरडी ठेवावी लागते. भिजली की फुगते आणि तिचा पुन्हा भुसा होतो.

युरोप-अमेरिकेत थंडी फार. तिकडे पुष्कळ घरे कांड्यांच्या शेगडीने तापवतात. धूर नळीतून घराबाहेर जातो.

आपल्याकडे २००६ च्या सुमारास ‘ऊर्जा’ नावाची कांड्यांची शेगडी आली. ती स्वयंपाकाची होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने ती तयार करायला मदत केली. जाळाला वारा घालायला तिच्यात छोटा पंखा होता. २००९ पासून पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीने हे काम चालवले. लाखो घरांत ही शेगडी गेली. जाळ चांगला होता. मग ती मागे का पडली? चिपाड कारखान्यांनाही हवे होते. त्याचा भाव चढला, तसा कांडीचाही चढला. लाकूड तर रानात फुकट! बायांनी हिशेब केला आणि पुष्कळ घरी पुन्हा जुनी चूल पेटली.

यातून काय शिकायचे? शेगडी एकदाच घ्यायची असते. जळण रोज लागते. म्हणून शेगडी घेण्याआधी दोन गोष्टी विचारा.

पहिली गोष्ट : कांडी कुठून येणार? जवळ मिळेल का? पावसाळ्यात मिळेल का? महिन्याला किती लागेल आणि काय भाव पडेल?

दुसरी गोष्ट : धूर कुठून जाणार? ही तर जिवाची गोष्ट आहे. चाकण-पिंपरीकडे कामाला गेलेली आपली पोरे एका खोलीत चार-पाच जण राहतात. थंडी वाजते म्हणून दार-खिडकी लावून शेगडी पेटवावीशी वाटते. असे कधीही करू नका. जाळ कोळशाचा असो, लाकडाचा असो, की कांडीचा, त्यातून कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त झोपतो. तो झोपेतच दगावतो.

तेव्हा नळी नसलेली शेगडी झोपण्याआधी बाहेर ठेवा. खिडकी थोडी उघडी ठेवा. अंगावर एक घोंगडी जास्त घ्या. आणि कामाला गेलेल्या पोराला पत्र लिहाल, तेव्हा त्यात हेही लिहा.