कॅथलिक विद्यार्थ्यांची प्रार्थना आणि सेवाकार्य : एका शैक्षणिक परंपरेचे स्वरूप

प्रस्तावना :

ख्रिस्ती धर्मात प्रार्थना, उपवास आणि दान ही भक्तीची तीन प्रमुख अंगे मानली जातात. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ती एकत्र येतात व तिन्हींना एकच अट घातलेली आहे. ही कृत्ये लोकांना दाखविण्यासाठी करू नयेत. शाळा ही मात्र स्वभावतःच सार्वजनिक जागा. तेथे हजेरी असते, गुण असतात, बक्षीससमारंभ असतो. अशा ठिकाणी विद्यार्थ्याची श्रद्धा प्रार्थनेतून व सेवेतून कशी व्यक्त व्हावी, हा प्रश्न कॅथलिक शिक्षणासमोर दीर्घकाळ आहे.

स्वेच्छेचे तत्त्व :

इ. स. १५६३ मध्ये रोम येथील जेझुइट महाविद्यालयात ज्याँ लेउनिस या तरुण शिक्षकाने विद्यार्थ्यांची एक मंडळी सुरू केली. दिवसाचे अध्ययन संपल्यावर मुलांनी एकत्र प्रार्थना करावी आणि रुग्ण व गरजूंची सेवा करावी, असा तिचा परिपाठ होता. १५८४ मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी तिला अधिकृत मान्यता दिली आणि ‘सोडॅलिटी’ या नावाने ती जेझुइट शाळांतून सर्वत्र पसरली. हे कार्य अभ्यासक्रमाचा भाग नव्हते, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

पॅरिसमधील प्रयोग :

या परंपरेला सर्वांत ठळक वळण मिळाले ते पॅरिसमध्ये. कायद्याच्या शिक्षणासाठी १८३१ मध्ये तेथे आलेला फ्रेडरिक ओझानाम हा इतिहासविषयक चर्चामंडळाचा सदस्य होता. १८३२ च्या पटकीच्या साथीने शहरातील गरीब वस्त्या उद्ध्वस्त केल्या होत्या. तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल, पण आज तुम्ही काय करता, असा सवाल चर्चेत विरोधी मताच्या विद्यार्थ्यांनी केला. युक्तिवादाने त्याचे उत्तर देता येण्यासारखे नव्हते. २३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, काही विद्यार्थी एमान्युएल बायी या वडीलधाऱ्या संपादकाच्या मार्गदर्शनाखाली एकत्र आले. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा हा आरंभ होय.

या मंडळाची कार्यपद्धती बारकाईने पाहण्यासारखी आहे. सभेचा आरंभ व शेवट प्रार्थनेने होई. नंतर सदस्य आपापल्या भेटींचा वृत्तांत देत, आणि निधी गोळा करताना कोणी किती टाकले हे कोणास कळत नसे. मदत कार्यालयात बोलावून दिली जात नसे. सदस्य जोडीने गरिबांच्या घरी जात. कोणत्या घरी जावे व तेथे कसे वागावे, हे मुफ्तार भागात वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या धर्मभगिनी रोझाली रांद्यू यांनी त्यांना शिकविले. पुस्तकी विद्यार्थ्यांना खरी शिकवण येथे मिळाली, असे म्हणता येईल. सर्पणाची वा पावाची चिठ्ठी देणे सोपे होते. जिना चढून त्या कुटुंबाजवळ बसणे अवघड होते. पुढे ओझानाम सोरबोन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९९७ मध्ये त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

तुरीन येथील पियेर जॉर्जो फ्रासाती १९१८ मध्ये याच सोसायटीत दाखल झाला. वडील एका मोठ्या दैनिकाचे मालक, मुलगा खाणकाम अभियांत्रिकीचा विद्यार्थी. १९२५ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी पोलिओने त्याचे निधन झाले. अंत्ययात्रेला लोटलेले गरीब लोक पाहिल्यावर त्याच्या कार्याची व्याप्ती घरच्यांना कळली. ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला संतपद देण्यात आले.

दान आणि न्याय :

या दृष्टीने पाहता, वह्यावाटपाचे छायाचित्र आणि तासांचे प्रमाणपत्र यांवर मोजली जाणारी आजची शालेय सेवा मूळ कल्पनेपासून बरीच दूर गेलेली दिसते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दानाने दारिद्र्याचे कारण झाकले जाते काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या प्रेषितकार्यविषयक आदेशात याची दखल घेतली. जे न्यायाने देय आहे ते दान म्हणून देऊ नये, असे तेथे स्पष्ट केले आहे. युवा ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीने ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही पद्धत स्वीकारली, तिचा रोखही कारणांकडेच आहे. विद्यार्थ्याने गरिबाला केवळ मदत न करता तो गरीब का, हे विचारावे.

भारतीय संदर्भ :

महाराष्ट्रातील अनेक कॅथलिक शाळांत बहुसंख्य विद्यार्थी अन्यधर्मीय असतात. त्यामुळे धर्मशिक्षण कॅथलिक मुलांपुरते व नीतिशिक्षण इतरांसाठी, अशी विभागणी रूढ झाली. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार, शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेतील कोणालाही स्वतःच्या, आणि अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यावयास लावता येत नाही. सेवाकार्याला मात्र ही मर्यादा लागू होत नाही. उपवासकाळात कॅथलिक विद्यार्थी आपल्या खाऊचे पैसे बाजूला ठेवतो, तेव्हा शेजारच्या बाकावरील अन्यधर्मीय मित्रालाही त्या निधीत पैसे टाकता येतात. त्यासाठी त्याने क्रूसाची खूण करण्याची गरज नसते.