निःशस्त्रांचा नकार

यंत्रांच्या कृत्रिम बुद्धीने एखादे नगर काबीज केले, तर निःशस्त्र नागरिकांनी काय करावे, असा प्रश्न आजच्या कल्पित कथा विचारतात. ऑस्लोचा इतिहास त्याचे उत्तर सुचवितो.

एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्याने नॉर्वे व्यापला. त्याच वर्षी ऑस्लोचे विद्यार्थी कोटाला पेपर क्लिप लावू लागले. कागद एकत्र धरणारी ती वस्तू ऐक्याची खूण ठरली. ट्राममध्ये जर्मन शिपाई शेजारी बसला की नागरिक उठून उभे राहत.

१९४२ साली नाझीधार्जिण्या राजवटीने शिक्षकांवर आपल्या संघटनेचे सभासदत्व लादले. देशातील सुमारे १२,००० शिक्षकांपैकी बहुसंख्यांनी लेखी नकार धाडला. सुमारे १,१०० जणांना अटक झाली. त्यांतील कित्येकांना दूर उत्तरेस किर्केनेस येथे कष्टाच्या कामास जुंपण्यात आले. तरीही नकार टिकला, आणि संघटनेची योजना बारगळली.

शेजारचा उठून गेल्याचे शल्य यंत्राला वाटणार नाही, हे खरे. परंतु सत्ता माणसाची असो वा यंत्राची, वर्ग चालविण्यास आणि नोंदी भरण्यास तिला माणसांचे साह्य लागते. ते साह्य रोखून धरणे, हेच निःशस्त्रांचे सामर्थ्य होय.