‘पुन्हा!’ : चित्रपुस्तक, मूल आणि अडखळणारा बाप

मुलगी अडीच वर्षांची असतानाची गोष्ट. तिची आई रात्रपाळीला गेली होती. झोपायच्या वेळी मुलीने एक पुस्तक माझ्या मांडीवर आणून टाकलं आणि म्हणाली, "बाबा, वाच ना." तोवर हे काम मी शिताफीने तिच्या आईकडे ढकललेलं होतं. मी लहानपणापासून तोतरा आहे. ‘प’ आणि ‘क’ने सुरू होणारे शब्द तोंडाशी येऊन अडतात. शाळेत धडा वाचायला उभं राहण्याची धास्ती मोठेपणीही गेली नव्हती. त्यात एक नवी भीती होती, की माझं ऐकून मुलगीही तशीच बोलू लागेल. तोतरेपणा असा ऐकून लागत नाही, हे मला पुढे वाचनातून कळलं. त्या रात्री ते माहीत नव्हतं. पण दुसरं कोणी घरात नव्हतं, म्हणून मी पुस्तक उघडलं.

पुस्तक होतं एरिक कार्ल यांचं, भुकेल्या सुरवंटाचं. १९६९ साली अमेरिकेत निघालेलं हे पुस्तक मला पुण्यात रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत मिळालं होतं. सुरवंट सोमवारी एक फळ खातो, मंगळवारी दोन, बुधवारी तीन. प्रत्येक फळात खरोखरचं भोक पाडलेलं आहे. मजकूर इंग्रजी, मी तो पाहता पाहता मराठीत सांगत होतो. मंगळवारच्या पानावर ‘पेअर’ आले. आमच्या घरात ते फळ कधी आलेलं नव्हतं. मी ‘पे... पे...’ करत अडकलो. मुलीने भोकात बोट घातलं आणि म्हणाली, "पेरू!" मी मान हलवली. पान उलटलं. पुस्तक संपल्यावर ती म्हणाली, "पुन्हा."

पुढच्या काही महिन्यांत ते पुस्तक किती वेळा वाचलं याची मी वहीत नोंद ठेवू लागलो. पन्नासाच्या पुढे मोजणं सोडून दिलं. पण त्या वहीने मला एका विषयाची वाट दाखवली. मी या क्षेत्रातली कुठलीही पदवी घेतलेली नाही. जे कळलं ते ग्रंथालयांत बसून आणि लोकांना पत्रं लिहून. मोठ्यांच्या मांडीवर बसून मूल चित्रपुस्तक पाहतं तेव्हा नेमकं काय घडतं, एवढाच माझा प्रश्न होता.

आधी चित्रपुस्तक म्हणजे काय, ते पाहू. मुलांच्या पुस्तकांत चित्रं घालण्याची कल्पना जुनी आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचं चित्रांतून जगाची ओळख करून देणारं पुस्तक न्यूरेंबर्गला १६५८ साली छापलं गेलं. तिथे शब्दाचा अर्थ चित्रातून स्पष्ट होतो. दोघे एकच गोष्ट सांगतात. खऱ्या चित्रपुस्तकात मात्र दोघे काम वाटून घेतात. मॉरिस सेंडॅक यांच्या १९६३ सालच्या, जंगली प्राण्यांच्या देशात जाऊन येणाऱ्या मुलाच्या पुस्तकात मजकूर फक्त एवढंच सांगतो की मुलाने नाना खोड्या केल्या. कुठल्या, ते चित्रं सांगतात: भिंतीवर हातोडीचे घाव, काटा घेऊन कुत्र्याचा पाठलाग. मुलाची कल्पना फुलत जाते तशी चित्रं मोठी होतात आणि ऐन भरात तर पानांवर शब्दच उरत नाहीत. मोठा माणूस शब्द वाचत असतो, तेव्हा मूल दुसरा, तितकाच महत्त्वाचा भाग वाचत असतं.

हे नुसतं म्हणणं नाही. कॅनडातील मेरी अ‍ॅन इव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबिन यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गोष्ट वाचून दाखवली जात असताना चार-पाच वर्षांच्या मुलांची नजर कुठे असते, हे यंत्राने टिपलं. नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रांवर होती. अक्षरांकडे ती क्वचितच गेली. म्हणजे आपण मजकूर संपवून घाईने पान उलटतो, तेव्हा मुलाच्या हातातलं पुस्तक अर्धवट वाचलेलं असताना काढून घेतो.

मग मोठ्यांनी करायचं काय? अनात निनियो आणि जेरोम ब्रूनर यांनी १९७८ साली एका आई-मुलाच्या जोडीचा बारकाईने अभ्यास मांडला. मूल वर्षाचंही नव्हतं, तेव्हापासून ते दीड वर्षाचं होईपर्यंत दोघांचं चित्रं पाहणं त्यांनी टिपलं होतं. त्यात एक ठरलेला क्रम सापडला. आई आधी लक्ष वेधते: ‘बघ’. मग विचारते: ‘हे काय?’ मग नाव सांगते आणि मुलाने काही आवाज काढला की दाद देते. मूल नुसतं हुंकारलं तरी आई ते उत्तर मानते. संभाषणात आपली पाळी कधी येते, हे मूल शब्द येण्याआधीच शिकत असतं.

ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली याच्या पुढचं पाऊल टाकलं. दोन-तीन वर्षांच्या सुमारे तीस मुलांपैकी निम्म्यांच्या पालकांना त्यांनी एवढंच शिकवलं: ‘हो-नाही’वर न संपणारे प्रश्न विचारा, मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते परत म्हणा आणि कौतुक करा. बाकीचे पालक नेहमीसारखंच वाचत राहिले. एका महिन्यात पहिल्या गटातली मुलं बोलण्यात स्पष्टपणे पुढे गेली होती. फरक पडला तो मोठ्यांनी थांबायला शिकल्याने.

हे वाचलं तेव्हा मी वही पुन्हा काढली. मुलगी जिथे जिथे बोलली होती त्या जागांवर मी खुणा केल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच जागा माझ्या अडखळण्याच्या होत्या. तिची आई सुरेख, सलग वाचायची. तिथे मुलगी शांत ऐकायची. माझ्या वाचनात खड्डे होते आणि ती ते भरायची. अडखळणं हा गुण आहे, असं मला म्हणायचं नाही. त्याचा त्रास मी जन्मभर सोसला आहे. पण ज्यांना अस्खलित वाचता येतं त्यांनीही मुलासाठी जाणूनबुजून असे खड्डे ठेवावेत, एवढं मी खात्रीने सांगेन.

आता त्या ‘पुन्हा’विषयी. तेच पुस्तक विसाव्यांदा वाचताना आई-बाप कंटाळतात आणि नवं पुस्तक पुढे करतात. इंग्लंडमधल्या जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांना काही अनोळखी शब्द गोष्टींतून ऐकवले. काहींना त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. शब्द मात्र दोन्हीकडे सारख्याच वेळा. शब्द जास्त चांगले लक्षात राहिले ते त्याच गोष्टी ऐकणाऱ्यांच्या. गोष्ट ओळखीची झाली, की लक्ष बारकाव्यांकडे वळायला मोकळं होतं.

पुनरावृत्तीचा फायदा मलाही झाला. तोतरं बोलणारा माणूस तोच मजकूर लागोपाठ वाचत गेला तर त्याचं अडखळणं कमी होत जातं, हे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३०च्या दशकातच नोंदवलं गेलं आहे. हा फरक त्या मजकुरापुरता आणि थोडा काळच टिकतो. पण रात्री तिसऱ्या वाचनाला माझा सुरवंट सुरळीत चालायचा, याचं कारण मला असं उशिरा कळलं.

एक चूकही सांगायला हवी. माझ्या लहानपणी सोव्हिएत रशियातून येणारी मराठी पुस्तकं स्वस्तात मिळत. त्यातलं माझं लाडकं पुस्तक मी जपून ठेवलं होतं. ते मोठ्या हौसेने मुलीपुढे धरलं. तिने दोन पानं पाहून मिटलं. मी दुखावलो आणि दोन-तीन दिवस तेच लादत राहिलो. तिने पुस्तकं आणणंच थांबवलं. मग मी ते खालच्या फळीवर ठेवून दिलं. काही महिन्यांनी तिचं तिनेच ते काढलं, एका कोपऱ्यातल्या मांजरासाठी. ते मांजर मी इतक्या वर्षांत पाहिलंच नव्हतं.

मराठीत आज निवडीला वाव आहे. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं आपल्याच घरातली माणसं दाखवतात, त्यांच्या ‘चित्रवाचन’मध्ये चित्रांवर बोलायलाच जागा आहे. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला परवडणारी आहे आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रकथा फुकट वाचता येतात. पण ढीग लागत नाही. चार-पाच पुस्तकं, मुलाच्या हाताला येतील अशा जागी, आणि पान उलटण्याचा हक्क मुलाकडे, एवढं पुरेसं आहे.

मुलगी आता मोठी झाली, नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात असते. भोकं फाटून रुंद झालेलं ते पुस्तक माझ्याकडेच आहे. मागच्या दिवाळीत शेजारचा छोटा मुलगा फराळाला आला होता. त्याला ते दाखवलं. मंगळवारच्या पानावर मी अडलो. त्याने वाट पाहिली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आंबा."

मी मान हलवली.