गावचे सरकार आणि वरची सरकारे

आमच्या जूचंद्र गावात सोयरिकीची बोलणी निघाली की सगळा गोतावळा काही मुलीच्या दारात जाऊन बसत नाही. दोघे-तिघे जाणते निवडायचे आणि पाठवायचे, अशी रीत आहे. पण ते निघण्यापूर्वी घरात बैठक बसते. लग्न कोणाच्या दारी, तिथी कोणती, मानपान किती, हे घर ठरवते. जाणता माणूस तेवढेच बोलतो. समोरून काही नवीन निघाले, तर “घरी विचारून सांगतो” म्हणतो आणि परत येतो. जो परस्पर शब्द देऊन मोकळा होतो, त्याला दुसऱ्या खेपेला कोणी पाठवीत नाही.

आज मला सांगायचे आहे ते अशाच बोलणीविषयी. मात्र इथे एका बाजूला आहे आदिवासी गाव, आणि दुसऱ्या बाजूला तालुका, जिल्हा, मुंबई आणि दिल्ली. ही बोलणी कोणी करायची, कशी करायची, आणि बोलणाऱ्याच्या पाठीशी काय असावे लागते, याचा आपण थोडा विचार करू.

कोणी विचारील, “अहो, गाव ते गाव आणि सरकार ते सरकार. या दोघांत बोलणी कसली? गावाने अर्ज करावा, सरकारने मंजूर करावा किंवा फेटाळावा.” पुष्कळांची समजूत अशीच आहे. पण कायदा तसे म्हणत नाही.

आपल्या राज्यघटनेत पाचवी अनुसूची आहे. आदिवासींची वस्ती जास्त असलेले प्रदेश तिच्याखाली ‘अनुसूचित क्षेत्र’ म्हणून जाहीर होतात. आपल्या पालघर जिल्ह्यातले तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे तालुके त्यात येतात, आणि पालघर व वसई तालुक्यांतली काही गावेही येतात. पंचायतराज्याची ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली, तेव्हा ती या क्षेत्रांना लागू नव्हती. त्यांच्यासाठी वेगळा विचार हवा म्हणून दिलीपसिंह भुरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये संसदेने कायदा केला. त्यालाच आपण ‘पेसा’ म्हणतो. महाराष्ट्राने त्याचे नियम केले ते मात्र २०१४ साली.

या कायद्याने गावाची व्याख्याच बदलली. महसुली दप्तरातले गाव बाजूला ठेवा. जे लोक एकत्र राहतात आणि आपल्या रूढीप्रमाणे आपला व्यवहार पाहतात, ते गाव. एखादा पाडासुद्धा गाव होऊ शकतो. पाड्यातल्या मतदारांनी ठराव करायचा, तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवायचा, मग चौकशी होऊन पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा जाहीर होते. त्या ग्रामसभेने योजना मंजूर केल्याशिवाय पंचायतीने त्या राबवायच्या नाहीत. योजनेचा लाभ कोणाला द्यायचा ते ग्रामसभा ठरवते. पैसा बरोबर खर्च झाला, हा दाखलाही पंचायतीने ग्रामसभेकडून घ्यायचा. जमीन संपादन करण्यापूर्वी विचारविनिमय करायचा, तोही इथेच.

आता मला सांगा, योजना मंजूर करणे, हिशेब तपासणे, साधनसंपत्ती सांभाळणे, तंटे मिटवणे ही कामे जी सभा करते तिला सरकार नाही तर काय म्हणायचे? लहान असेल, पण सरकारच.

इथे आमच्या जूचंद्रची गोष्ट आठवते. २००९ साली वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची बरीच गावे मिळून महानगरपालिका झाली. जूचंद्रही तीत गेले. आमची रांगोळी राहिली, चंडिकादेवीची यात्रा राहिली, ग्रामपंचायत मात्र संपली, आणि तिच्याबरोबर ग्रामसभाही. पुढे २०२० साली महापालिकेच्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली, आणि नव्या निवडणुकीपर्यंत काही वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. गटार तुंबले तरी कोणाच्या दारी जायचे, असा प्रश्न पडे. तेव्हा आम्हाला एक गोष्ट नीट कळली. सभागृहाची मुदत संपते, ग्रामसभेची कधीच संपत नाही. गावातले सगळे मतदार मिळून ती होते. तिला बरखास्त कोण करणार?

तुंगारेश्वराचा डोंगर ओलांडून पारोळ, मेढे, भाताण्याकडे गेले की वारली, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे लागतात. मागे अशाच एका पाड्यावर मी गेलो होतो. एका म्हाताऱ्या बाबांनी आढ्याला बांधलेली प्लास्टिकची पिशवी सोडली. आत वनजमिनीच्या दाव्याचे अर्ज होते. कार्बन लावून काढलेल्या प्रती, झेरॉक्स प्रती, काही पावसाने विरघळलेल्या.

“सर, सात वेळा दिला अर्ज,” बाबा म्हणाले. “दर वेळी नवीन साहेब. दर वेळी पहिल्यापासून.”

मी एकेक कागद पाहिला. एकावरही पोच नव्हती. शिक्का नाही, आवक क्रमांक नाही, तारीख नाही.

“बाबा, हे अर्ज कोणी लिहिले?”

“ज्याला लिहिता आलं त्यानं.”

“आणि सभेत ठराव झाला होता का?”

बाबा हसले. म्हणाले, “सभा कशाला? काम माझं होतं ना!”

श्रोतेहो, सगळी मेख इथेच आहे. अर्ज ही एका माणसाची विनंती असते. ठराव हा सभेचा निर्णय असतो. वनहक्काच्या २००६ च्या कायद्यात दाव्याची सुरुवातच ग्रामसभेपासून होते. तिची वनहक्क समिती पाहणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग प्रकरण उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे जाते. बाबा सात वेळा गेले ते एकटे. त्यांच्या मागे गाव होते, पण कागदावर नव्हते.

गाव मागे उभे राहिले म्हणजे काय होते, याचे उदाहरण पाहायला आपल्याला राज्याच्या दुसऱ्या टोकाला जावे लागेल. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गोंड वस्तीचे छोटे गाव आहे. लेखा गावाच्या जवळ, म्हणून त्याला मेंढा-लेखा म्हणतात. १९८० नंतरच्या दशकात त्या भागात मोठ्या धरणांविरुद्ध चळवळ झाली. तिच्यातून हे गाव जागे झाले. “दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही घोषणा त्यांची. देवाजी तोफा हे गावचे पुढारी आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे अभ्यासू सोबती होते.

तिथली रीत ऐकण्यासारखी आहे. निर्णय बहुमताने होत नाही, सर्वानुमते होतो. एकाचे जरी मन वळले नसेल, तर पुन्हा बसायचे, पुन्हा बोलायचे. शिवाय गावाचा अभ्यासगट आहे. कायदा काय म्हणतो, जंगलात काय आहे, बाहेर भाव काय आहे, यावर तिथे चर्चा होते. वेळ लागतो खरा. पण मग बाहेर बोलायला जाणाऱ्या माणसाच्या पायाखाली जमीन पक्की असते. त्याला फोडता येत नाही, कारण त्याच्या एकट्याच्या हातात काही नसते.

२००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. आता गंमत पहा. हक्क मिळाला, जंगलात बांबू होता, पण तो विकून बाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना लागतो, आणि तो वनखात्याच्या हाती. वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज म्हणतो. जुना १९२७ चा वनकायदा त्याला झाड म्हणत होता. दोन कायद्यांच्या कात्रीत गाव सापडले. तेव्हा गावाने मारामारी केली नाही, आणि गप्पही बसले नाही. कायदा पुढे ठेवला आणि बोलणी नेटाने चालू ठेवली. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः मेंढ्याला आले, आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. दिल्ली आणि मुंबई अशी दोन्ही सरकारे तिसऱ्या, लहान सरकारच्या अंगणात बसली. पुढे २०१७ साली वनकायद्यातूनही बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला.

आता बोलायला जायचे म्हणजे नेमके कोणाकडे? गावच्या प्रतिनिधीला हा जिना पाठ हवा. पहिली पायरी ग्रामपंचायत. मग तहसीलदार आणि पंचायत समिती. मग जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय. आपल्या जिल्ह्यात ही कार्यालये जव्हार आणि डहाणूला आहेत. त्यावर मुंबईत आदिवासी विकास विभाग आणि जनजाती सल्लागार परिषद. या परिषदेचे सुमारे तीन चतुर्थांश सभासद आदिवासी आमदार असावेत, असे घटनेत आहे.

आणि एक पायरी पुष्कळांना ठाऊकच नसते, ती म्हणजे राज्यपाल. एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू करू नये, किंवा फेरफार करून लागू करावा, असे फर्मावण्याचा अधिकार पाचव्या अनुसूचीने राज्यपालांना दिला आहे. मे २०२० मध्ये महाराष्ट्रात तो वापरला गेला. वनहक्काच्या दाव्यात जिल्हा समितीचा निर्णय शेवटचा असे. राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रासाठी विभागीय पातळीवर अपिलाची सोय झाली. आमच्या पिशवीवाल्या बाबांसारख्यांना ही गोष्ट कोण सांगणार? ज्याला गावाने बोलणीसाठी नेमले आहे, त्याने सांगायची.

परदेशातही हेच दिसते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याकडे नास नदीच्या खोऱ्यात निस्गा नावाचे मूळ रहिवासी राहतात. आपल्या जमिनीचा प्रश्न घेऊन त्यांचे प्रमुख १८८७ साली प्रांताच्या राजधानीत गेले. दारातूनच परत आले. १९७३ मध्ये त्यांचा खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गाजला, आणि अखेर ११ मे २००० रोजी तह अमलात आला. आज त्यांचे स्वतःचे सरकार आहे. अशा सरकारांत वरच्या सरकारांशी बोलणी करणे हेच काम असलेला वरिष्ठ अधिकारीही असतो. १८८७ पासून मोजले तर ११३ वर्षे झाली. या काळात बोलणारी माणसे किती बदलली असतील! पण मागणे एकच राहिले, कारण ते एका माणसाचे नव्हते.

आपल्याकडे ओडिशात नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची होती. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, ग्रामसभांना विचारा. १२ ग्रामसभा बसल्या. बाराही ग्रामसभांनी ‘नाही’ म्हटले, आणि खाण झाली नाही.

आपल्या पालघर जिल्ह्यातून आज रेल्वेमार्ग जात आहेत, द्रुतगती मार्ग जात आहेत, वाढवणला बंदर होऊ घातले आहे. यांतले काय चांगले, काय वाईट, हे मी इथे बसून सांगणार नाही. ते ज्या गावाची जमीन त्याने ठरवावे. पण ठरवायला बसण्यापूर्वी गावच्या माणसाने साहेबांना एक प्रश्न जरूर विचारावा: “हे कोणत्या कायद्याखाली?” भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात अनुसूचित क्षेत्रासाठी ग्रामसभेच्या किंवा योग्य त्या पंचायतीच्या पूर्वसंमतीची तरतूद आहे. रेल्वे किंवा राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्याखालचे संपादन वेगळ्या वाटेने जाते. विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे, आणि हजेरीपटावरची सही म्हणजे होकार नव्हे. हा फरक ज्याला कळतो, तोच गावाच्या वतीने बोलायला लायक.

धोकाही सांगून ठेवतो. कचेरीत ऊठबस वाढली की माणूस हळूहळू गावाचा राहत नाही. साहेब त्याला चहा पाजतात, नावाने हाक मारतात. मग तो गावाचे म्हणणे साहेबांना सांगण्याऐवजी साहेबांचे म्हणणे गावाला पटवू लागतो. जाणत्याचा दलाल होतो तो असा, नकळत. यावर जुनाच उपाय आहे. एकटा पाठवू नका, दोघे-तिघे पाठवा, त्यांत बाई असू द्या. जाण्यापूर्वी ठराव करा. आल्यावर सभेत सगळे सांगायला लावा.

आता माझ्या शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. पाड्यावर पुष्कळदा लिहिणारे हात तुमचेच असतात. तुम्ही पुढारी होऊ नका, पण लिहिणे शिकवा. ठरावाला क्रमांक आणि तारीख असावी, सूचक-अनुमोदकाचे नाव असावे, हजर असलेल्यांच्या सह्या किंवा अंगठे असावेत. ठराव सभेत मोठ्याने वाचून दाखवावा, लोकांच्या बोलीत समजावून द्यावा. एक प्रत कचेरीत, एक गावाच्या दप्तरात, आणि दप्तरातल्या प्रतीवर पोच. साहेब बदलले तरी दप्तर बदलत नाही. आठवी-नववीची मुले हे सहज शिकतात, आणि उद्याचे प्रतिनिधी तीच आहेत.

त्या बाबांचा आठवा कागद गावाने केला. सभा बसली, ठराव झाला, तिघे जण घेऊन गेले आणि पोच घेऊन आले. निकाल अजून यायचा आहे. पण मागच्या वेळी गेलो तेव्हा तो कागद आढ्याच्या पिशवीत नव्हता. गावाच्या दप्तरात, पत्र्याच्या पेटीत, नीट घडी करून ठेवला होता. बाबा म्हणाले, “आता साहेब बदलू दे.”