शेजारी वैतागले, पण रशियन आली!

ट्रॉयच्या उत्खननासाठी प्रसिद्ध झालेला हाइनरिश श्लिमान तरुणपणी अ‍ॅमस्टरडॅमच्या एका व्यापारी पेढीत नोकरीला होता. १८४४ मध्ये त्याने रशियन शिकायला घेतली. शहरात शिक्षक मिळेना. हाताशी एक जुनं व्याकरण, एक शब्दकोश आणि एका फ्रेंच कादंबरीचा रशियन अनुवाद. मग या पठ्ठ्याने आठवड्याला चार फ्रँक देऊन चक्क एक श्रोता ठेवला! त्या श्रोत्याला रशियनचं अक्षरही कळत नव्हतं. रोज संध्याकाळी दोन तास समोर बसायचं आणि श्लिमान घडाघडा म्हणेल ते ऐकायचं, एवढंच त्याचं काम. इमारतीतल्या लाकडी तक्तपोशीतून आवाज सगळीकडे जायचा. भाडेकरूंच्या तक्रारींपायी दोनदा बिऱ्हाड हलवावं लागलं, पण पाठांतराला खाडा नाही. सहा आठवड्यांत पहिलं रशियन पत्र लिहिलं, असं तो आत्मचरित्रात सांगतो. तो झपाटा प्रत्येकाला जमणार नाही. पण ठरलेली वेळ, खणखणीत आवाज आणि ऐकायला कुणीतरी, एवढं कुणालाही जमेल. घरात आजी असेल तर उत्तमच.

वयाची सबब सांगणाऱ्यांसाठी गांधीजी आहेत. १९४६ मध्ये नोआखालीत, ७७व्या वर्षी, ते बंगाली गिरवत होते. आजूबाजूला दंगलींचा वणवा, रोजची पायपीट, भेटायला येणाऱ्यांची रीघ, तरी बंगालीचा धडा व्हायचाच. ३० जानेवारी १९४८च्या सकाळीसुद्धा त्यांनी तो केला होता.

रोज थोडं थोडंच का? जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये याचं उत्तर दिलं. अर्थहीन अक्षरांच्या माळा तो पाठ करायचा आणि किती विसरलं ते मोजायचा. एका दिवसात ६८ वेळा घोकून जेवढा फायदा झाला, तेवढाच तीन दिवसांत विभागून केलेल्या ३८ आवर्तनांनी झाला. जवळजवळ निम्मी मेहनत वाचली! परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे भिंतीवर लावावेत.

१९७०च्या दशकात सेबास्टियान लाइटनरने यासाठी साधी पेटी सुचवली. पाच कप्पे, कार्डावर एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला तर थेट पहिल्यात. पुढच्या कप्प्यांची उजळणी उशिराने होते, त्यामुळे जास्त वेळ अवघड शब्दांना मिळतो. आज मोबाइलवरची अनेक अ‍ॅप्स हेच तत्त्व वापरतात, पण खोक्यात पुठ्ठे घालून घरी केलेली पेटीही तितकीच चालते.

‘२१ दिवसांत सवय लागते’ हे ऐकलंय ना? विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला तब्बल २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. दिलासा असा की, मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. आरंभशूर मंडळी नेमकी त्या चुकलेल्या दिवशीच वही मिटतात.

आता ध्येयाचं. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची मोठी परंपरा आहे आणि त्यांच्या तोंडी सतत ‘एन-फाइव्ह’, ‘एन-फोर’ असतं. जेएलपीटी परीक्षेच्या या पायऱ्या; एन-वन सर्वांत वरची. ‘जपानी शिकायचंय’ ही नुसती इच्छा झाली, ‘डिसेंबरमध्ये एन-फाइव्ह द्यायची’ हे ध्येय. जपान सरकारच्या नित्य वापराच्या यादीत २,१३६ कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरं, आहेत. आकडा पाहून धडकी भरते, पण रोज पाच घेतल्या तर साधारण चौदा महिन्यांत यादीची पहिली फेरी होते. एक सावधगिरी मात्र हवीच. या परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते, सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे. त्यामुळे बोलता यायला हवं असेल तर त्याचं ध्येय वेगळं ठेवा: अमुक महिन्यापर्यंत पाच मिनिटं न अडखळता स्वतःबद्दल सांगायचं.

लांब पल्ल्याचं उदाहरण हवं तर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१६ मध्ये त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापून आलं. मराठीत, जवळजवळ अकरा हजार ओव्या!

तेव्हा आजच वहीत दोन ओळी लिहा: कोणत्या तारखेपर्यंत काय यायला हवं आणि रोज किती वाजता बसणार. ती वेळ घरच्यांनाही सांगून ठेवा.